दहापर्यंत मोजता येते ना?

(भिसेगाव येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या एक आजी मला म्हणाल्या, "गुरुजी, मला दहाच्या पुढं मोजता येत नाही. या वयात आता शिकून काय होणार?" मी हसलो आणि विषय बदलला. पण घरी गेल्यावर चैन पडेना. म्हणून आज पाटी-पुस्तक बाजूला ठेवू. दहापर्यंतच्या मोजणीने काय घडले, ते ऐका.

गोष्ट गडचिरोलीची आहे. आपला कर्जत तालुका महाराष्ट्राच्या पश्चिमेला, तर गडचिरोली पार पूर्वेच्या टोकाला. पण तिकडेही रान आहे, भातशेती आहे, आदिवासींची वस्ती आहे. आपल्याकडे ठाकर, कातकरी. तिकडे गोंड, माडिया. पावसाळ्यात ओढा भरला की दवाखाना लांब, हे दोन्हीकडे सारखेच.

तिथे 1986 साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. दोघे नागपूरला डॉक्टर झाले. मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय? डॉक्टर एका रोग्याची नाडी बघतो. हे लोक साऱ्या मुलखाची नाडी बघतात. रोग कुठे आहे, किती जणांना आहे, गरिबाच्याच घरी जास्त का आहे, हे मोजून शोधतात.

मोजणीत बळ असते हे डॉ. अभय बंगांना आधीच कळले होते. रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 4 रुपये मजुरी मिळत होती. मजुराच्या पोटाला काय लागते याचा हिशोब त्यांनी नव्याने मांडला आणि 12 रुपये हवेत असे दाखवले. सरकारने मजुरी वाढवली. हिशोब कच्चा असला की गरिबाचेच पोट मारले जाते, बरे का!

गडचिरोलीत त्यांनी गावोगाव मोजले : मुले किती जन्मली, किती दगावली? 1988 सालचा आकडा निघाला तो असा. जन्मलेल्या 1000 मुलांपैकी 121 पहिल्या वाढदिवसाआधीच गेली होती. सर्वांत मोठा मारेकरी न्यूमोनिया. छाती भरली, फासळ्या उडाल्या, असे आपण म्हणतो ना, तोच.

या रोगावर औषध होते, स्वस्तही होते. अडचण ओळखण्याची होती. खोकला तर सगळ्याच मुलांना होतो. त्यातला न्यूमोनिया कोणता? तर श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, त्याहून मोठ्याचा वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असला, तर धोका.

पण गावच्या सुईणीला 50 पर्यंत मोजता येईना. दहापर्यंत मात्र नीट येई. मग डॉक्टरांनी काय करावे? त्यांनी एक साधे यंत्र केले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ, आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी आला, की न्यूमोनिया! औषध लगेच सुरू.

58 गावांत हे काम केले आणि शेजारच्या 44 गावांशी ताडून पाहिले. काम केलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी निघाले. 1990 साली 'लॅन्सेट' या विलायतेतल्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात ते छापून आले. पुढे 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शनसुद्धा देणे. हजारी 62 नवजात मरत होती, ती तीन वर्षांत 25 वर आली. आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी येते ना? दवाखान्यात बाळंतपण झाले तर 6 वेळा, घरी झाले तर 7 वेळा. त्या फेऱ्यांची वाट गडचिरोलीतून निघाली आहे.

आता माझे सांगतो. मी सात वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ गेला. पाच महिन्यांचा होता. आईने छातीला राईचे तेल चोळले, दृष्ट काढली. तो भराभर श्वास घेत होता, ते मी पाळण्याशी बसून बघत होतो. मला तेव्हा शंभरपर्यंत अंक येत होते. गुरुजींनी शाबासकी दिली होती. पण पाळण्यातले काही मोजायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पुढे मीही छत्तीस वर्षे मुलांना अंक शिकवले, आणि हे एकाही वर्गात सांगितले नाही.

म्हणून आज मी सेकंदकाट्याचे घड्याळ आणि मूठभर वाल आणले आहेत. दर दहा श्वासांना एक वाल बाजूला ठेवायचा. आजी, तुमचा नातू चार महिन्यांचा. त्याला पाचवा वाल मिनिटाच्या आत लागला, तर थांबायचे नाही, कर्जतच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. दूध ओढत नसेल, किंवा श्वासाबरोबर छाती खाली आत जात असेल, तर मोजतसुद्धा बसू नका. 108 ला फोन करा.

या आजी, पुढे या. झोपला आहे तेच बरे. रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजायचा नसतो. दुपटे जरा वर करा, पोट दिसू द्या. मी घड्याळ बघतो. हं, मोजा.