हरिभाऊ आपटे : वाचनाची गोडी व लेखनाची रीत

पुण्याच्या आनंदाश्रमाची स्थापना महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं केली. प्राचीन संस्कृत ग्रंथ शोधावे, जतन करावे व छापून काढावे, हा या संस्थेचा हेतु. तिचा कारभार पुढें त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे यांच्याकडे आला व तो अखेरपर्यंत त्यांच्याचकडे राहिला. एकीकडे पोथ्यांचीं मुद्रितें तपासावयाचीं आणि दुसरीकडे ‘करमणूक’ साप्ताहिकासाठीं कादंबरीचें पुढचें प्रकरण सिद्ध करावयाचें, असा हा दुहेरी संसार होता. मराठी वाचकाच्या मनांत शिवकाल ज्यानें जिवंत केला, त्या लेखकाचें वाचन कोणतें होतें, तो लिहीत कसा होता आणि त्याला स्फूर्ति कोठून मिळाली, हें पाहणें म्हणूनच उद्बोधक आहे.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. त्यांचें शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें झालें. चिपळूणकर, टिळक व आगरकर हे ज्या शाळेचे शिक्षक, तेथील विद्यार्थ्याला स्वभाषेचा व स्वदेशाच्या इतिहासाचा अभिमान वेगळा शिकवावा लागत नव्हता. १८८२ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले, तेव्हां अठरा वर्षांच्या हरिभाऊंनीं त्यांच्यावर शोककाव्य रचलें. आगरकरांनीं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ हें भाषांतर केलें, त्याचें सविस्तर परीक्षणहि याच शिष्यानें लिहिलें. गुरूविषयीं आदर आणि गुरूच्या ग्रंथाची निर्भीड चिकित्सा, हे दोन्ही गुण त्यांच्या ठिकाणीं एकत्र नांदत होते.

कॉलेजांत मात्र गणित आडवें आलें आणि पदवी हातीं लागली नाहीं. ही उणीव त्यांनीं वाचनानें भरून काढली. कालिदास व भवभूति हे तर घरचेच. इंग्रजींत शेक्सपिअर, स्कॉट, डिकन्स व जेन ऑस्टिन यांचें त्यांनीं मनःपूर्वक वाचन केलें. मोलियर व ह्यूगो या फ्रेंच लेखकांचीं नाटकें त्यांनीं मराठींत आणलीं; ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हें त्यांपैकींच एक. त्या काळीं तरुण वर्गाला रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचें वेड होतें. हरिभाऊंनींहि तो वाचला, आणि १८८५ सालच्या ‘मधली स्थिति’ या पहिल्या कादंबरींत त्याचा ठसा दिसतो. परंतु त्या वाटेवर ते फार काळ रमले नाहींत. रेनॉल्ड्सपासून वाचकाला उत्कंठेंत ठेवण्याची कला घ्यावी आणि माणसाकडे पाहण्याची दृष्टि मात्र थोर लेखकांपासून शिकावी, असा त्यांच्या वाचनाचा एकंदर कल दिसतो.

ऐतिहासिक कादंबरी मराठींत अगदींच नवी नव्हती. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ सालीं प्रसिद्ध झाली होती. हरिभाऊंनीं या प्रांतांत पहिलें पाऊल टाकलें तें परक्याचा हात धरून. त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही कादंबरी मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारें लिहिलेली आहे. १८९५ पासून १८९७ पर्यंत लिहिलेल्या ‘उषःकाला’त मात्र त्यांना स्वतःची वाट सांपडली.

या कादंबरीच्या रचनेंत स्कॉटच्या वाचनाचें खरें फळ दिसून येतें. स्कॉट आपल्या कथेच्या मध्यभागीं राजाला बसवीत नाहीं. दोन पक्षांच्या ओढाताणींत सांपडलेला एखादा कल्पित तरुण तो तेथें उभा करतो. ‘उषःकाला’त विजापूरच्या बादशाहीशीं इमान राखणारा किल्लेदार रंगराव अप्पा आणि शिवाजी महाराजांच्या उद्योगाकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा नानासाहेब यांचा संघर्ष आहे. बापाची निष्ठा खोटी नाहीं आणि मुलाची आकांक्षाहि खोटी नाहीं. स्वराज्याचा उदय तहनाम्यांत व लढायांत दिसण्यापूर्वीं तो घराघरांतील अशा कलहांतून झाला असला पाहिजे, ही जाणीव त्या कथेला तोलून धरते. पुढें ‘वज्राघातां’त १५६५ सालच्या विजयनगरच्या पाडावाचें चित्र काढतांनाहि त्यांनीं रामराजाच्या खाजगी जीवनांतील वैराची व राज्याच्या नाशाची सांगड घातली आहे.

साहित्याचा तुटवडा ही त्यांची मोठी अडचण होती. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, म्हणजे ‘उषःकाल’ संपल्यानंतर. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना तर १९१० ची. त्यापूर्वीं लेखकाच्या हातीं होता ग्रँट डफचा इतिहास, ‘काव्येतिहाससंग्रहां’त छापलेल्या बखरी, आणि १८९१ सालीं ॲकवर्थ व शाळिग्राम यांनीं प्रसिद्ध केलेले पोवाडे. कागदपत्रें बोलूं लागण्यापूर्वींच हरिभाऊंना त्या काळाला बोलतें करावें लागलें.

याचा परिणाम १९०३ सालच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींत स्पष्ट दिसतो. तानाजी मालुसऱ्यानें १६७० सालीं कोंडाणा घेतला व तेथें देह ठेवला, ही गोष्ट इतिहासाची. परंतु त्या प्रसंगावरून गडाला सिंहगड हें नांव मिळालें, ही समजूत टिकत नाहीं. शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रांत तें नांव आधींच आढळतें. असें असूनहि मराठी घरांतील मुलाला सिंहगड म्हटला कीं तेंच वाक्य आठवतें. येथेंच ऐतिहासिक कादंबरीकाराची जबाबदारी दिसून येते. इतिहासकाराची चूक दुसरा इतिहासकार दुरुस्त करतो. पण कादंबरीनें मनावर बिंबविलेलें चित्र पुराव्यानें सहसा पुसलें जात नाहीं. हरिभाऊंना त्या पत्राचा आधार मिळाला असता, तर त्यांनीं कथा कशी मांडली असती हा तर्काचा प्रश्न आहे. त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकांना मात्र ही सबब उरलेली नाहीं.

त्यांच्या लेखनाची रीत साप्ताहिकानें ठरविली. १८९० सालीं ‘करमणूक’ सुरू झालें, तें घरांतील लहानथोरांनीं व स्त्रियांनीं एकत्र वाचावें या हेतूनें. पहिल्याच वर्षांत एकीकडे टिपूची कथा आणि दुसरीकडे ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधील यमूची करुण कहाणी चालू होती. ज्या लेखणीनें तलवारीचे प्रसंग रंगवावयाचे, तिनेंच केशवपनाला सामोऱ्या जाणाऱ्या विधवेचें दुःख सांगावयाचें. अंक ठरल्या दिवशीं निघालाच पाहिजे, म्हणून प्रकरणें लिहिलीं कीं छापावयास जात. या रीतीचे दोष उघड आहेत. कथानक पसरतें, संवाद लांबतात, वाचकाला मधेंच थांबवून दोन शब्द ऐकविले जातात. आणि कांहीं कथा अपुऱ्याच राहिल्या, ‘सूर्यग्रहण’ हें त्याचें ठळक उदाहरण. गुणहि त्याच रीतीचा आहे. पुढच्या आठवड्याची वाट पाहणारें कुटुंब लेखकाच्या नजरेसमोर सदैव असे, म्हणून त्याची भाषा पंडिती झाली नाहीं. ती माजघरांतहि समजली.

शिवाय हा लेखक केवळ लेखनावर जगत नव्हता. आनंदाश्रमाचा कारभार होता, पुणें नगरपालिकेचें काम होतें, तिचें अध्यक्षपदहि त्यांनीं सांभाळलें. १९१२ सालच्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गांवच्या पाण्याचा, रोगराईचा व रस्त्यांचा विचार करणाऱ्या माणसाला राज्य म्हणजे काय हें पुस्तकाबाहेरहि कळतें. त्यांच्या किल्लेदारांना व कारभाऱ्यांना जो खरेपणा आहे, त्याचें मूळ या अनुभवांतहि शोधतां येईल.

३ मार्च १९१९ रोजीं हरिभाऊ निवर्तले. त्यांच्यानंतर साधनांचे खंडच्या खंड प्रसिद्ध झाले व शिवकालाचें ज्ञान पुष्कळ वाढलें. तपशिलांत ‘उषःकाल’ मागें पडला, तरी वाचनांतून तो गेला नाहीं. गतकाळांतील माणसेंहि आपल्यासारखींच भीत होतीं, चुकत होतीं आणि बापाच्या शब्दांत व मनाच्या कौलांत सांपडून तळमळत होतीं, हें त्यानें मराठी वाचकाला प्रथम ठसठशीतपणें दाखविलें. इतिहासाची सनावळी पाठ करणाऱ्या मुलाला त्या सनांमागें माणसें होतीं हें कळावें, यासाठीं आजहि त्याच्या हातीं ही कादंबरी द्यावी. आणि ती वाचून झाल्यावर साधनांचा एखादा खंडहि त्याच्यापुढें ठेवावा. हरिभाऊंच्या शिष्यवृत्तीला आणि चिकित्सक बुद्धीला तेंच मानवलें असतें.