‘त्याला काय जमतंय?’ म्हणण्याआधी

(प्रभाग संघाच्या महिला मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आपण बचत, कर्जफेड आणि बँक जोडणीवर बोलतोय. मी दहा मिनिटं वेगळ्या विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे आपल्या घरातली, आपल्या शेजारची, अठरा वर्षं ओलांडलेली दिव्यांग मुलं-मुली.

लहानपणी त्यांच्यासाठी काहीतरी सोय असते. अंगणवाडी असते, शाळा असते, कुठं विशेष शाळा असते. अठरा पूर्ण झाली की शाळा सुटते आणि पोरगं घरी बसतं. उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत राहतं. शाळेत शिकलेलंही हळूहळू विसरतं. गृहभेटीला गेलं की आई द्राक्षाचं बोलते, कर्जाचं बोलते. मी उठायला लागले की मग हळूच म्हणते, “मॅडम, मी हाय तोवर ठीक हाय. माझ्या माघारी ह्याचं कोण करणार?”

कोण करणार, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याचं किती करावं लागेल, हे बरंचसं आपल्या हातात आहे. जो स्वतः आंघोळ करतो, जेवण वाढून घेतो, दुकानातून सामान आणतो आणि चार पैसे मिळवतो, त्याला सांभाळणारं माणूस मिळणं सोपं जातं. म्हणून शिकवायचं आजपासून, आई धडधाकट आहे तोपर्यंत.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांना उमेद आली. त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्या संस्थेतून कितीतरी अपंग मुलं शिकली, कामाला लागली. सिंधुदुर्गात तर त्यांनी काजू प्रक्रियेचं काम सुरू केलं. तिथं माणसं तीच राहिली, बदलली ती जागा. पायरीच्या जागी उतार केला, टेबल हात पोचेल एवढ्या उंचीवर आणलं. हातापायानं अधू असलेल्या माणसासाठी आपणही आधी जागाच बघायची. शिवणयंत्राला मोटार बसवली आणि ती हातानं चालवायची सोय केली की पायाची गरज राहत नाही.

ज्यांना समजायला वेळ लागतो, त्यांची गोष्ट वेगळी. तिथं शिकवायची पद्धत बदलावी लागते. मुंबईत ‘ओम क्रिएशन्स’ नावाची संस्था १९९१ पासून अशा मुलींबरोबर काम करते. त्या मुली खाण्याचे पदार्थ आणि हस्तकलेच्या वस्तू तयार करतात आणि त्यांची विक्री होते. तुम्ही म्हणाल, ती मुंबई, तिथं सगळं असतं. पण शिकवायची पद्धत आपल्या सोप्यात बसूनही वापरता येते. तीच सांगते.

पहिलं, कामाचे तुकडे करा. आपण म्हणतो, “अंगात सदरा घाल.” आपल्याला ते एक काम वाटतं, त्याच्यासाठी ती आठ-दहा कामं असतात. सुरुवात शेवटाकडून करा. सगळा सदरा तुम्ही घाला आणि फक्त शेवटचं बटण त्याला लावू द्या. ते लागलं की काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याचा. ते जमलं की शेवटची दोन बटणं त्याची. असं मागं मागं येत राहा.

दुसरं, तोंडानं कमी सांगा, हातानं जास्त दाखवा. बहिऱ्या मुलांनाही हेच सोयीचं पडतं. तिसरं, रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम ठेवा. चौथं सगळ्यात अवघड आहे, आईसाठी तर फारच. थांबायचं. पोराला बटण लावायला पाच मिनिटं लागतात आणि आपला हात आपोआप पुढं जातो. मायेनं जातो, पण त्या दिवसाचं शिकणं तिथंच थांबतं.

आता कामाकडं येऊ. आपल्या कवठे महांकाळ भागात हंगामात बेदाण्याची शेडं चालतात. बेदाणा निवडायचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते शिकवताना “खराब काढ” असं सांगून भागत नाही, कारण खराब म्हणजे काय हेच त्याला कळलेलं नसतं. दोन वाट्या ठेवा. एकीत चांगला बेदाणा, दुसरीत काडी आणि काळा पडलेला दाणा. समोर नमुना बघून तो मिळवत जाईल. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरे. किलोचं पाकीट भरायचं असेल तर काट्यावर एक किलोच्या जागी लाल पट्टी चिकटवा. आकडा वाचता आला नाही तरी काटा पट्टीवर आला हे दिसतं. पापड, शेवया, मसाला, पत्रावळी, कोणत्याही धंद्यात अशी एक-दोन कामं निघतातच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. काम करून घेतलं तर मजुरी द्यायची. “बसून तरी काय करतंय” म्हणून फुकट राबवायचं नाही. इतरांना किलोमागं जो दर, तोच त्याला. पैसे त्याच्या हातात द्या, आणि त्यातली दहाची नोट घेऊन त्याला दुकानात जाऊ द्या. पहिल्यांदा बरोबर जा, नंतर दुकानाच्या बाहेर थांबा, मग घराच्या दारात. एसटीचा प्रवासही असाच शिकवायचा. आधी शेजारी बसा, मग दोन बाकं मागं.

मुलींच्या आया विचारतात, बाहेर पाठवायचं कसं? ही भीती खरी आहे. पण कोंडून ठेवलेली मुलगी सुरक्षित असतेच असं नाही, त्रास देणारा घरातला, ओळखीचाही असतो. म्हणून तिला शरीराच्या अवयवांची नावं माहीत हवीत, “नको” म्हणता यायला हवं, ओरडता यायला हवं. पाळीच्या दिवसांतलं तिचं तिला करता यायला हवं. घडलं ते ती ज्या बाईला सांगू शकेल, अशी गटातली एक बाई ठरलेली हवी. आणि तिनं सांगितलं तर “तिला काय कळतंय” म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता हक्काचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक योजनांचा लाभ मिळतो. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढा. ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. एसटीला ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते कशावर खर्च झाले हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. याच चार प्रकारांत, मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. “माझ्या माघारी कोण” याची कागदावरची तयारी इथून सुरू होते.

आणि आपल्या बचत गटांचाच एक नियम. गटाला एरवी किमान दहा जणी लागतात, पण दिव्यांगांचा गट पाच जणांचाही चालतो आणि त्यात पुरुषही सभासद होऊ शकतात. दोन गावं मिळून पाच जण नक्की निघतील.

तर पुढच्या मासिक बैठकीआधी प्रत्येक गटानं एवढं करायचं. गावातल्या अठरा वर्षांवरच्या दिव्यांगांची यादी करा. यादीत त्यांची खरी नावं लिहा. मुकी, लंगडा, येडं ही कुणाची नावं नाहीत. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा. त्याला आज काय येतं, या महिन्यात कोणतं एक काम शिकवायचं, आणि आईबरोबर त्याकडं लक्ष कोण देणार. कार्ड नसेल तर तेही नोंदवा, मी अर्ज भरायला येते. यादी ग्रामसंघाच्या सचिवांकडं द्या. बैठकीत कर्जफेडीच्या आधी आपण तीच वाचू.