कापसाचा भाव आणि जिनिव्हातला हिशेब



आपल्या पारोळा तालुक्यात कापूस वेचायला आपण बायाच पुढे असतो. पण भाव कुठे ठरतो, असं कुणी विचारलं की आपण व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो. आज जरा लांब, जिनिव्हाला जाऊ या. तिथे जागतिक व्यापार संघटनेचं कार्यालय आहे.

२००२ मध्ये ब्राझीलने तिथे अमेरिकेविरुद्ध तक्रार केली. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना भरमसाट अनुदान देते, म्हणून जगात भाव पडतो, असं ब्राझीलचं म्हणणं. पण हे सिद्ध कसं करणार? अनुदान नसतं तर काय भाव असता, हे कुणीच पाहिलेलं नाही. तेव्हा ब्राझीलच्या बाजूने डॅनियल समनर या अर्थतज्ज्ञाने संगणकावर हिशेब मांडला. ते स्वतः अमेरिकेतलेच. भाव उतरला की पेरा किती घटतो, सूतगिरण्या किती माल उचलतात, याची समीकरणं त्यात होती. मग अनुदान काढून तोच हिशेब पुन्हा केला. उत्तर आलं, १९९९ ते २००२ या काळात जगातला भाव सरासरी १२.६ टक्के जास्त असता.

निवाडा एकट्या या आकड्यावर झाला नाही. इतर पुरावेही तपासले गेले. २००४ मध्ये ब्राझील जिंकलं, २००५ मध्ये अपिलातही.

पण हिशेबाचं हत्यार दोन्हीकडून चालतं. २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावावर आक्षेप घेतला. भारत म्हणतो, सरकारने जेवढा कापूस विकत घेतला, तेवढाच मदतीत मोजा. अमेरिका म्हणते, देशात पिकलेला सगळाच मोजा. कापूस तोच, पण मोजायची रीत बदलली की उत्तर कितीतरी पटीने बदलतं. म्हणून मैत्रिणींनो, बातमीत टक्के ऐकले की विचारावं: काय मोजलं? काय सोडलं? कुणी मोजलं?

हा प्रश्न आपल्या घरालाही लागू आहे. हमीभाव ठरवताना जो उत्पादन खर्च धरतात, त्यात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमतही असते. पण माहिती घ्यायला कुणी आलं आणि "बाई घरीच असते" असं सांगितलं, तर आपली निंदणी, वेचणी त्या खर्चात येणारच कशी? खर्च कमी दिसला, तर भावही कमीच ठरणार.

तेव्हा एक वही करा. कोणत्या दिवशी, किती जणी, किती वेळ राबलो, ते लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. जिनिव्हा लांब असलं तरी तिथल्या हिशेबाची सुरुवात अशा वहीतूनच होते.