पलटणींतून परतलेल्या जखमी शिपायाचा हक्क

(परभणी जिल्ह्यांतील माजी सैनिक व त्यांचीं घरचीं माणसें यांच्यापुढें केलेलें भाषण)



आज आम्ही येथें शौर्याचे पोवाडे गाण्यास उभे राहिलों नाहीं. शिपायाच्या गळ्यांत हार घालण्यास पुष्कळ लोक पुढें येतात. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला तर त्यांची रांग लागते. पण तोच शिपाई मोडलेला गुडघा किंवा बहिरा कान घेऊन घरीं बसला, आणि त्याच्या हातीं इंग्रजी कागद आला, कीं तो वाचून दाखविणारा एकहि हारवाला त्याच्या ओट्यावर दिसत नाहीं. म्हणून आज आम्ही त्या कागदाविषयीं बोलणार आहों.

आपल्या मुलखाची एक अडचण अगोदर सांगितली पाहिजे. सातारा जिल्ह्यांत अपशिंगें म्हणून गांव आहे. त्याच्या नांवापुढेंच मिलिटरी असें लागतें. तेथें चार चार पिढ्यांचे पेन्शनर आहेत. कोणाचा अर्ज अडला तर शेजारचा म्हातारा सुभेदार चार गोष्टी समजावून सांगतो. आपली परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती. इंग्रजी पलटणींची भरती आपल्याकडे तशी रुजली नाहीं. “जगांत जर्मनी, भारतांत परभणी” असें आपण मोठ्या डौलानें म्हणतों. परंतु पलटणीच्या कागदांचें ज्ञान असलेला म्हातारा आपल्या गांवांत शोधून सांपडत नाहीं. आपला शिपाई बहुधा घरांतला पहिलाच शिपाई असतो. बाप कापूस वेंचणारा, आजा सालदार, नाहींतर सुताराचा, कुंभाराचा, चांभाराचा धंदा करणारा. मग पोराला पलटणींतून काय मिळालें आणि काय मिळावयास पाहिजे होतें, याचा ताळा कोणी घ्यावा?

आमच्या ओळखीचें एक घर पालम तालुक्यांत आहे. मुलगा बारा वर्षें नोकरी करून आला. कवाईतीच्या वेळीं उंच भिंतीवरून उडी मारतांना गुडघा मोडला होता. आतां त्याला मांडी घालून जेवायला बसतां येत नाहीं. घरीं आल्यावर वर्षभरानें एक पत्र आलें. आईनें तें देवळींत देवांच्या मागें नीट ठेवून दिलें. सरकारचें पत्र म्हणजे कांहीं तरी चांगलेंच असणार, असें त्या माउलीला वाटलें. दोन वर्षांनीं तें आमच्या हातीं आलें. त्यांत लिहिलें होतें कीं, तुमचा दावा नामंजूर झाला आहे. हरकत असल्यास सहा महिन्यांच्या आंत अपील करा. सहा महिने देवांच्या पाठीमागें निघून गेले होते. पुढें एका मध्यस्थानें “मी काम करून देतों” म्हणून त्यांच्याकडून रक्कम उकळली आणि पावतीहि दिली नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं “शेतकऱ्याचा असूड” लिहिला, तेव्हां कुणब्याच्या अक्षरशून्यतेवर पोट भरणारे कोण होते तें सर्वांना ठाऊक आहे. आजचा मध्यस्थ कोणत्याहि जातीचा असूं शकतो, आपल्याहि जातीचा असतो. धंदा मात्र तोच.

आतां मूळ गोष्ट. सेवेंत असतां शिपायाला जी इजा झाली किंवा जो रोग जडला, तो सेवेमुळें झाला असेल किंवा सेवेमुळें वाढला असेल, तर त्याबद्दल अपंगत्वाची पेन्शन मिळते. “सेवेमुळें झाला” आणि “सेवेमुळें वाढला” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंपैकीं एक पुरे. पुष्कळांना वाटतें कीं गोळी लागली असेल तरच हक्क. तसें मुळींच नाहीं. तोफखान्यांत राहून कान गेला, सियाचिनच्या थंडीनें बोटें गेलीं, वर्षानुवर्षें ताणाखालीं राहून रक्तदाब जडला, हेंहि त्यांत येऊं शकतें. दुसरी अट अपंगत्वाच्या टक्क्यांची. मुदत पुरी करून घरीं येणाऱ्याचें अपंगत्व निदान २० टक्के ठरावें लागतें. हा टक्का ठरवितो डॉक्टरांचा मेडिकल बोर्ड, आणि तोहि सेवा सुटण्याच्या वेळीं.

येथेंच आपला शिपाई पहिली चूक करतो. घरीं जाण्याची घाई असते. पंधरा वर्षें ज्या गांवाची वाट पाहिली तें गांव दोन दिवसांवर आलेलें असतें. त्या वेळीं त्याच्यापुढें एक छापील निवेदन येतें. भरती होण्यापूर्वीं हा रोग तुला होता काय? केव्हां, कोठें, कोणत्या कामावर असतां सुरू झाला? हा न वाचतां “हो साहेब” म्हणतो आणि सही ठोकतो. जो शिपाई बर्फांत तीन तीन महिने उभा राहतो, त्याला कागदापुढें दहा मिनिटें उभें राहवत नाहीं! ज्यांचीं मुलें अजून पलटणींत आहेत त्यांनीं आजच फोन करून सांगावें: बोर्डापुढें कांहीं लपवूं नको, ऐट दाखवूं नको, दुखतें तें दुखतें म्हण, आणि बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घेतल्याशिवाय घरीं येऊं नको. प्रत राहिली असेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें ती मागतां येते.

बोर्डानें “सेवेशीं संबंध नाहीं” असें एका ओळींत लिहिलें म्हणजे सर्व संपलें असें नाहीं. धर्मवीरसिंग नांवाचा सिग्नल दलांतला शिपाई १९८५ सालीं भरती झाला, आणि १९९४ सालीं फेपऱ्याच्या रोगामुळें २० टक्के अपंग ठरवून घरीं पाठविला गेला. बोर्ड म्हणालें, रोगाचा सेवेशीं संबंध नाहीं. पेन्शन नाहीं. तो गडी लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१३ सालीं कोर्टानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. कोर्टाचें म्हणणें शेतकऱ्याच्या भाषेंत सांगतों. बाजारांतून बैल घेतांना तुम्ही त्याचे दांत पाहिलेत, खूर पाहिले, चालवून पाहिला आणि निकोप म्हणून दावणीला बांधला. नऊ वर्षें नांगराला जुंपल्यावर तो लंगडूं लागला, तर “हा पहिल्यापासून लंगडा होता” असें म्हणण्याची तुम्हांस सोय नाहीं. भरतीच्या वेळीं सरकारी डॉक्टरनें शिपाई तपासला आणि रोगाची नोंद केली नाहीं. तेव्हां १९८२ च्या नियमांप्रमाणें तो निरोगी होता असेंच धरलें पाहिजे. रोग सेवेमुळें झाला हें सिद्ध करण्याचें ओझें शिपायावर नाहीं, आणि संशय राहिला तर त्याचा फायदा शिपायाला. बोर्डाला उलट म्हणावयाचें असेल तर त्यानें कारणें लिहिलीं पाहिजेत.

याचा अर्थ प्रत्येक दावा जिंकतो असा मात्र नाहीं, आणि तसें सांगणारा मनुष्य तुम्हांला फसवीत आहे. सुटीवर असतां झालेल्या अपघाताचेंच पाहा. मदनसिंग शेखावत हा शिपाई किरकोळ रजेवर स्वखर्चानें घरीं जात असतां आगगाडींतून उतरतांना पडला आणि हात गमावून बसला. १९९९ सालीं सुप्रीम कोर्टानें त्याला हक्क दिला. घरच्या वाटेवरचा प्रवास सेवेंतच धरला. परंतु २०११ सालीं जुझारसिंग याच्या खटल्यांत, वार्षिक रजेवर घरीं असतां रस्त्यावर झालेल्या अपघाताचा लष्करी कामाशीं संबंध नाहीं म्हणून त्याच कोर्टानें पेन्शन नाकारली. तेव्हां देवगिरी गाडीनें घरीं येतांना परभणी स्टेशनांत पाय घसरला, ही एक गोष्ट. आणि महिनाभराच्या रजेंत मेव्हण्याच्या फटफटीवरून लग्नाला जातांना पडलों, ही दुसरी. आपला दावा कोणत्या जातीचा आहे हें आधीं प्रामाणिकपणें पाहावें. खोटी हकीकत रचूं नये. एक खोटी हकीकत उघडी पडली कीं पुढच्या दहा खऱ्यांवर संशय येतो.

पैशाचा हिशेब आतां करूं, कारण पोटाला तोच लागतो. या पेन्शनीचे दोन भाग असतात. एक सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांस शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असा धरतात, आणि टक्का कमी तसा तो कमी. समजा वेतन ४०,००० रुपये होतें. १०० टक्क्यांस १२,००० झाले. ३० टक्के अपंगत्व असेल तर ३,६०० होतात. पण नियमांत एक सवलत आहे: ५० च्या खालचें अपंगत्व ५० धरावें, ५० ते ७५ पर्यंतचें ७५, आणि त्यावरचें १००. म्हणजे त्याच शिपायाला ६,००० मिळतात. महिन्याला २,४०० चा फरक, वर्षाला २८,८०० चा, महागाईभत्ता वेगळा. ही सवलत पूर्वीं मुदतीच्या आधीं आजारानें घरीं पाठविलेल्यांनाच देत असत. १० डिसेंबर २०१४ रोजीं राम अवतार याच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें ती मुदत पुरी करून आलेल्यांनाहि लागू केली. आपल्या जिल्ह्यांतल्या जुन्या पेन्शनरांनीं आपला पी.पी.ओ. काढून पाहावा. त्यांत ३० किंवा ४० टक्के असेंच राहिलें असेल, तर अर्ज करण्यास जागा आहे.

मुदत पुरी होण्याच्या आधींच ज्याला अपंग ठरवून घरीं पाठविलें, त्याच्यासाठीं २०१४ सालचाच सुखविंदरसिंगाचा निकाल आहे. सरकारला तो कामाला निकामी वाटला म्हणून काढला, तर त्याचें अपंगत्व २० टक्क्यांहून कमी होतें असें सरकारला म्हणतां येत नाहीं.

उशिराबद्दल दोन शब्द. तरसेमसिंग १९८३ सालीं घरीं आला आणि १९९९ सालीं कोर्टांत गेला, सोळा वर्षांनीं! २००८ सालीं सुप्रीम कोर्ट म्हणालें कीं पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून दावा मेलेला नाहीं. पण मागची थकबाकी दावा लावण्याच्या अगोदरच्या तीनच वर्षांची मिळेल. तेरा वर्षांची गेली. पालमच्या त्या आईला आम्ही हेंच सांगितलें, कीं बाई, दावा जिवंत आहे, पण जितके दिवस पत्र देवळींत ठेवाल तितके दिवस पैसे पाण्यांत. त्या घरचें अपील, उशिराचें कारण लिहून, आतां गेलें आहे.

रीत अशी. पहिलें अपील नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत, आपल्या रेकॉर्ड ऑफिसाच्या मार्फत. मराठा पलटणीचें रेकॉर्ड बेळगांवीं, महार पलटणीचें मध्यप्रदेशांत सागर येथें, बाँबे सॅपर्सचें खडकीस, तोफखान्याचें नाशिक रोडला. तेथेंहि नाहीं म्हटलें तर दुसरें अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानें तें झालें, आणि महाराष्ट्राचें पीठ मुंबईस आहे. अर्ज लिहून घेण्यास परभणीचें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथें पैसे लागत नाहींत. वकील पाहिजे तर १९८७ च्या कायद्याप्रमाणें अपंग मनुष्याला, स्त्रीला, अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट मदत मागण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे. मध्यस्थाच्या उंबऱ्यावर जाण्यापूर्वीं या दोन उंबऱ्यांवर जा.

जे २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटले त्यांना नवे नियम लागतात. शब्दहि बदलले आहेत, अपंगत्वाच्या भागाला दुसरें नांव दिलें आहे. त्यांनीं जुन्या माणसाचा अर्ज उतरून काढूं नये, नव्या नियमांची प्रत मागवावी. आणि २०२२ पासून जे अग्निवीर म्हणून जात आहेत, त्यांना तर पेन्शनच नाहीं. सेवेमुळें अपंगत्व आलें तर १००, ७५ व ५० टक्के अशा पायऱ्यांनीं ४४, २५ व १५ लाख रुपये एकदांच. एकवीस बावीस वर्षांच्या पोराचा पाय गेला, तर पुढचीं चाळीस वर्षें त्या रकमेवर काढावयाचीं. आम्हांला हें न्यायाचें वाटत नाहीं, आणि तें आम्ही उघड बोलतों. पण जोंवर नियम असा आहे तोंवर त्या पोरांच्या आईबापांनीं प्रत्येक इजेची नोंद दवाखान्यांत आणि पलटणींत होते कीं नाहीं, याची दुप्पट चौकशी ठेवावी. इजेचा अहवाल त्याच आठवड्यांत व्हावा. साक्षीदार सोबत्यांचीं नांवें वहींत लिहून ठेवावींत.

आपल्या भगिनींना वेगळें सांगतों. पेन्शनर वारला कीं कुटुंबाची पेन्शन बाईला मिळते, पण कागदांत तिचें नांव बरोबर असेल तर. लग्नाआधींचें नांव एक, आधारावर दुसरें, पलटणीच्या नोंदींत तिसरें, असें आपल्याकडे घरोघर आहे. नवरा जिवंत असतां हें दुरुस्त करणें दोन कागदांचें काम आहे. मागाहून तेंच दोन वर्षांचें होतें. “अशुभ बोलूं नका” म्हणून कोणी अडवील, तर त्याला खुशाल रागावूं द्या. आतां पेन्शनचा कारभार “स्पर्श” या सरकारी यंत्रणेवर चालतो. वर्षांतून एकदां हयातीची नोंद करावी लागते. ती गांवच्या सेवा केंद्रांत अंगठा लावून होते. ती राहिली तर पेन्शन थांबते. अंगठा लावतांना बाईनें शेजारीं उभें राहावें आणि पासवर्ड स्वतः लिहून घ्यावा, केंद्रवाल्याच्या वहींत ठेवूं नये.

एक जुनी गोष्ट सांगून आटपतों. महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणींतून पेन्शन घेऊन आले आणि “दीनबंधु”त लिहूं लागले. पलटणींत महारांची भरती बंद होऊं लागली तेव्हां सरकारकडे जाण्यासाठीं अर्ज लिहिणारे तेच होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पलटणीनें या माणसांना अक्षर दिलें, आणि त्या अक्षराचा उपयोग त्यांनीं अर्ज लिहिण्यास केला. गांवांतला पेन्शनर आज पारावर बसून पत्ते कुटतो, हें आम्हांला बघवत नाहीं. त्यानें शेजाऱ्याच्या पोराचें एक पत्र वाचून दाखवावें, एवढेंच मागणें आहे.

ज्यांनीं ज्यांनीं कागद आणले आहेत त्यांनीं जेवण झाल्यावर त्या लिंबाखालीं बसावें. डिस्चार्ज पुस्तक, पी.पी.ओ., बोर्डाची कार्यवाही आणि आलेलें प्रत्येक पत्र, पाकिटासकट आणावें, कारण तारीख पाकिटावरच्या शिक्क्यांत असते. आम्ही दिवेलागणीपर्यंत येथेंच आहों. गंगाखेडकडे जाणाऱ्यांचे कागद आधीं पाहूं, त्यांची गाडी लवकर आहे.