रोजगार वाढला, पगाराचे काय?



‘आता कामे मिळतात, मग पोराला दहावीपुढे कशाला शिकवायचे?’ असे आपल्यापैकी काहीजण विचारतात. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत २०१७-१८ साली बेकारीचे प्रमाण ६ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये ३.२ वर आले. आकडा खोटा नाही. पण त्यात कोणाला धरले, तेही पाहा. घरच्या यंत्रमागावर कांड्या भरणारी मुलगी आणि बापाच्या दुकानात बिनपगारी बसणारा पदवीधर, दोघेही तिथे ‘रोजगारात’ आहेत! अशा विनामोबदला राबणाऱ्या घरच्या माणसांचा रोजगारातील वाटा याच काळात १३.६ वरून १८.३ टक्क्यांवर गेला. नियमित पगारदारांचा मात्र २२.८ वरून २०.९ वर घसरला.

तेव्हा मुलगा कामाला लागला की पेढे जरूर वाटा, पण त्याला विचारा: नेमणुकीचे पत्र मिळाले का? सरकारने ठरवलेले किमान वेतन पूर्ण हातात पडते का? प्रॉव्हिडंट फंड कापतात का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याचे कॉलेजचे नाव एवढ्यात कमी करू नका.