वॉर्डातील वार्धक्य आणि बिनमजुरीचे श्रम



माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात दिवाळी उलटली की घराघरांना कुलपे लागतात, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता म्हणजे येथे नुसते हत्यार नव्हे. मुकादमाकडून उचल घेतलेली आणि ती फिटेपर्यंत बांधली गेलेली नवरा-बायकोची जोडी. मागे उरतात ती लेकरे आणि म्हातारी माणसे. या म्हाताऱ्यांपैकी एखादीची स्मृती हरपली असेल आणि नेमके हंगामात तिला रुग्णालयात न्यावे लागले, तर तिच्या खाटेशी कोण बसणार, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्या समाजाने या व्याधीला व्याधी मानलेच नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून तिची बोळवण केली, ‘म्हातारचळ’ म्हणून थट्टा केली. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे, वाढत्या वयाचा अटळ परिणाम नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, त्याने ग्रस्त आहेत. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. तेव्हा हे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तूंचे दुखणे आहे ही समजूत आता सोडलेली बरी.

समजा, अशा एका आजीला न्यूमोनिया झाला किंवा पडून खुब्याचे हाड मोडले. गावकरी तिला बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला नेतील. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात ग्रामीण जनतेसाठी म्हणूनच निघाले, आणि त्याचे मराठवाड्यावरील ऋण मोठे आहे. पण कोणताही सर्वसाधारण वॉर्ड स्मृती गेलेल्या माणसाच्या दृष्टीने परका मुलूखच असतो. रात्रभर जळणारे दिवे, अनोळखी चेहरे, हाताला टोचलेले सलाईन, लघवीची नळी. हे सारे कशासाठी, ते तिला उमगत नाही. ती नळी उपसते, उठून घराकडे निघते, ओरडते. ज्वराने वा जंतुसंसर्गाने मेंदू आणखी गोंधळतो. खेड्यात ज्याला वातात बरळणे म्हणतात ती ही अवस्था. चष्मा घरी राहिलेला असतो, म्हणून दिसत नाही. ताट पुढ्यात ठेवले तरी ते आपल्यासाठी आहे हे कळत नाही, म्हणून जेवण तसेच परत जाते. कूस बदलली नाही की शय्याव्रण होतात. आडवे ठेवून घाईघाईने भरवले तर घास श्वासनलिकेत जातो. औषधांच्या बरोबरीने तिला एक गोष्ट हवी असते, आणि ती म्हणजे ओळखीचा आवाज.

ही सेवा कोण करते? शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. ज्याने सरकारी वॉर्डात एक रात्र काढली आहे त्याला तो वाचून हसू येईल. परिचारिकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याही राबतच असतात. खरी व्यवस्था अशी की प्रत्येक रुग्णाबरोबर एक नातेवाईक येतो, आणि बहुधा ती सून किंवा लेक असते. खाटेखाली सतरंजी टाकून ती झोपते, भरवते, पुसते, रक्ताची बाटली प्रयोगशाळेत पोहोचवते. हे श्रम शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नाहीत. आणि ऊसतोडीच्या फडातून ती सून आली तर तिचा खाडा धरला जातो, उचलीचा बोजा वाढतो. म्हणजे रुग्णालयाच्या अपुऱ्या नोकरभरतीचा खर्च शेवटी एका कोयत्याच्या हिशेबात पडतो!

इंग्लंडमध्ये २०१४ साली जॉन्स कॅम्पेन नावाची चळवळ सुरू झाली. तिची मागणी एवढीच होती की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला वॉर्डात राहू द्यावे. तेथे दार उघडण्यासाठी झगडावे लागले. आपल्याकडे दार उघडेच आहे, नव्हे, नातेवाइकावाचून वॉर्ड चालतच नाही. परंतु हक्क आणि वेठ यांत अंतर आहे. नातेवाइकाची सोबत हा रुग्णाचा आधार असावा. तो रिकाम्या पदांना लावलेला टेकू असू नये.

कायदे नाहीत असे नाही. ज्येष्ठांविषयीच्या २००७ च्या कायद्याने सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी शक्यतो खाटा पुरविण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र वॉर्ड ही त्यातलीच योजना. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धांच्या व मानसिक आजारांच्या उपचारांसाठी इमारती उभ्या राहिल्या, आणि २०२० साली त्यांत कोविड रुग्णालय चालले. त्या संकटात ते योग्यच होते. तथापि इमारत म्हणजे सेवा नव्हे, हे विसरता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर विकारही येतो. केवळ कर्मचारी कमी आहेत या सबबीवर रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही, असे तो कायदा स्पष्ट शब्दांत बजावतो. खाटेच्या दांडीला पट्टीने बांधलेला हात ज्या कार्यकर्त्याला दिसेल, त्याने हे कलम ठाऊक ठेवावे.

ऊसतोडणीच्या मजुरीत जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती लढ्याशिवाय झाली नाही. आता दराइतक्याच हिरीरीने मागावयाचे ते हे: वॉर्डात वृद्धांसाठी पगारी सेविका, आणि घरचे माणूस रुग्णालयात असेल त्या दिवसांचा खाडा माफ. पहिली मागणी शासनाकडे करावयाची आहे, दुसरी कारखानदार व मुकादमांकडे. दोन्हींना पैसे लागतात, हे उघड आहे. आजही ते कोणीतरी भरतेच आहे.

तोवर गावात करण्याजोगे काम थोडे आहे, पण आहे. टोळ्या निघण्यापूर्वी कोणत्या घरी असे माणूस मागे राहते याची यादी आशा सेविकेच्या मदतीने करावी. त्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारलेली कळते, चष्मा लागतो का, काय खाते, कशाने भिते, हे एका कागदावर लिहून केसपेपरला जोडावे. आणि फडावरच्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक त्याच कागदावर, मोठ्या अक्षरांत.