पॅड कोण उचलतं?
(वाशी येथे युवक-युवतींसमोर केलेले भाषण)



प्लॅस्टिक वेचायला तुम्ही पोरं-पोरी निघालात, आनंद आहे. पण पॅडमध्येही बहुतांश प्लॅस्टिकच असतं, ते कुणी बोलत नाही.

पुण्यात कचरावेचक बायका १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या. बहुतेक दलित, पुष्कळ जणी १९७२च्या दुष्काळात मराठवाडा सोडून गेलेल्या. म्हणजे आपल्याच की! दुसऱ्यांचे वापरलेले पॅड त्यांना हातांनी निवडावे लागत. २०१३ साली त्यांनी ते पिशव्यांत भरून थेट कंपन्यांना परत धाडले. पुढे २०१६च्या नियमांनी पॅडसोबत वेष्टन देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं.

तेव्हा पोरींनो, दुकानातून पाकीट आणलं की उघडून बघा. वेष्टन नसेल तर सगळ्यांच्या सह्यांनी कंपनीला पत्र टाका. तोवर पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला कळेल. पोरांनो, माना खाली घालू नका. घरचा कचरा पेटवायचं काम आईवर, धूरही तिच्याच छातीत. ते पेटवणं बंद करून कचरा वेगळा करायचं काम तुम्ही घ्या. आणि पुढच्या बैठकीला वाशीत कचरा उचलणाऱ्या बायकांना बोलवा. आधी त्या बोलतील.